जेऊरच्या माळावरची दोन मिनिटे

शके १८१९ ची पौष अमावास्या शनिवारी आली होती. इंग्रजी तारीख २२ जानेवारी १८९८. त्या दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गाच्या बाजूने किनाऱ्यावर चढली, सह्याद्री ओलांडून कऱ्हाडावरून पुढे आली आणि करमाळा तालुक्यातल्या जेऊरवर पोचली. तिथून ईशान्येलाच सरकत ती परंडा आणि भूमच्या रानांवरून गेली आणि पुढे पुलगाव, नागपूरच्या दिशेने निघून गेली. धाराशिव गाव या पट्ट्याच्या जरा दक्षिणेला राहिले. तिथे सूर्याची एक बारीक कोर शिल्लक उरली असणार. पण जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, सीनेच्या काठच्या शाळूच्या शेतांत, भरदिवसा पूर्ण अंधार पडला.

तेव्हा सीनेच्या आसपास दोन राज्यांची सरहद्द होती. जेऊर, करमाळा, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि परंडा, भूम, धाराशिव निजामाच्या मुलखात. सावलीला सरहद्द नसते. मात्र ती पाहायला आलेल्या माणसांना आगगाडी लागत होती, आणि आगगाडी इंग्रजांच्या बाजूला होती. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेवर जेऊर हे स्टेशन. म्हणून जगाच्या पाठीवरच्या खगोलवेत्त्यांनी आपापल्या पेट्या तिथे उतरवल्या. पावसाळा संपून तीन महिने झालेले, जानेवारीचे कोरडे निरभ्र आकाश, सावलीच्या मध्यरेषेजवळचा उघडा माळ. यापेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती.

काळ मात्र वाईट होता. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता. मुंबई आणि पुणे प्लेगने पोखरली होती. पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्या खुनाला सात महिने झाले होते आणि टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. अशा दिवसांत कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल पत्नी एलिझाबेथसह प्लेगच्या मुंबईत उतरले आणि जेऊरजवळच्या माळावर तंबू ठोकून राहिले. त्यांच्याकडे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. ओकलंडच्या शाबो वेधशाळेचे चार्ल्स बर्कहाल्टर आले होते. जपानचेही एक पथक आले होते. आणि पुण्याहून आले होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला, आपल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेची उपकरणे घेऊन.

या लेखाचा नायक म्हणायचा तर तो नायगमवाला. कारण जेऊरला जमलेल्या बाकीच्यांची नावे खगोलशास्त्राच्या इतिहासात ठळक आहेत. नायगमवालांचे नाव मात्र ज्या पुण्यात त्यांनी आयुष्य घालवले तिथेही फारसे कुणाला माहीत नाही.

ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहायला आले आणि त्यांनी वर्णपटांच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. या पैशातून काय उभे करावे हे ठरवण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले आणि साउथ केन्सिंग्टनला नॉर्मन लॉकयर यांना भेटले. लॉकयर म्हणजे सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा ओळखणारे शास्त्रज्ञ. त्यांनी सल्ला दिला तो नुसत्या प्रयोगशाळेचा नव्हता. दुर्बीण घ्या, तिला वर्णपटदर्शक जोडा, आणि सूर्य आणि तारे कशाचे बनले आहेत ते पाहा. नायगमवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आणि तिथे १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची साडेसोळा इंची परावर्ती दुर्बीण तिथे बसली. पुढे तिला वीस इंची आरसा लागला आणि ती कित्येक वर्षे हिंदुस्थानातली सर्वांत मोठी दुर्बीण ठरली.

तिच्यावर काय काम झाले हे समजायला त्या काळी खगोलशास्त्र कोणत्या प्रश्नाशी झगडत होते ते पाहिले पाहिजे.

तारे एकाच रंगाचे नसतात हे डोळ्यांना कळते. जानेवारीत संध्याकाळी धाराशिवजवळच्या कुठल्याही उघड्या माळावर उभे राहा. मृगाच्या एका कोपऱ्यात काक्षी तांबूस दिसते आणि समोरच्या कोपऱ्यात राजन्य निळसर पांढरा. वर रोहिणी नारिंगी, ब्रह्महृदय पिवळट, खाली व्याध लखलखीत पांढरा. लोहाराच्या भात्यापुढचे लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे; ताऱ्यांचेही तसेच असावे असे कुणालाही वाटेल. पण वाटणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. एकोणिसाव्या शतकात ताऱ्याचा प्रकाश लोलकातून जाऊ लागला आणि त्याच्या रंगीत पट्ट्यात काळ्या रेषा दिसल्या. प्रत्येक रेषा कुठल्यातरी मूलद्रव्याची खूण होती. रोमचे पाद्री आंजेलो सेक्की यांनी १८६० च्या दशकात शेकडो ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांचे गट पाडले. व्याधासारखे पांढरे तारे, ज्यांत हायड्रोजनच्या जाड रेषा. सूर्य आणि ब्रह्महृदयासारखे पिवळे, ज्यांत धातूंच्या असंख्य बारीक रेषा. काक्षी आणि ज्येष्ठेसारखे तांबडे, ज्यांत रुंद पट्टे. आणि आणखी गडद लाल असे काही मंद तारे.

गट पडले, पण त्यांचा अर्थ लागेना. व्याधात हायड्रोजनच्या रेषा ठळक आणि लोखंडाच्या जवळजवळ नाहीतच. सूर्यात लोखंडाच्या रेषांची गर्दी. मग व्याध हायड्रोजनचा आणि सूर्य लोखंडाचा समजायचा का? की दोघांत एकच द्रव्य आहे आणि फरक फक्त तापमानाचा आहे? ताऱ्यांच्या वर्गीकरणाचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि पुणे, जेऊर आणि हैदराबाद त्यात ठिकठिकाणी येतात.

लॉकयर यांचे उत्तर दुसऱ्या बाजूचे होते. तापमान वाढले की मूलद्रव्ये फुटतात आणि त्यांच्या रेषा बदलतात, असे ते म्हणत. त्यावर त्यांनी एक मोठी मांडणी उभारली: तेजोमेघ म्हणजे थंड उल्कांचे थवे, ते एकमेकांवर आदळत तापतात, तारा होतात, तापतापून पांढरे होतात आणि पुन्हा निवत लाल होतात. म्हणजे लाल तारे दोन जातींचे, एक तापत चाललेले आणि दुसरे निवत चाललेले. ही इमारत एका पुराव्यावर टेकली होती. तेजोमेघांच्या वर्णपटात जी ठळक हिरवी रेषा दिसते ती मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची कड आहे, आणि मॅग्नेशियम उल्कांत असते, असा लॉकयर यांचा दावा होता.

नायगमवालांनी पुण्याच्या दुर्बिणीतून मृगातल्या तेजोमेघावर हाच दावा तपासला. रेषा पट्ट्याची कड असेल तर एका बाजूने ती पुसट दिसायला हवी. त्यांना ती प्रत्येक परिस्थितीत दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि धारदार दिसली. १८९१ मध्ये त्यांनी ते छापून मांडले. ज्या माणसाच्या सल्ल्याने आपली वेधशाळा उभी राहिली, त्याच्याच सिद्धांताच्या पायावर हा आघात होता. कॅलिफोर्नियाचे कीलर, लंडनचे हगिन्स आणि पुण्याचे नायगमवाला, तिघांचाही कौल एकच आला, आणि मॅग्नेशियमची गोष्ट संपली. मला हे १८९१ चे काम त्यांच्या ग्रहणमोहिमेहूनही मोठे वाटते. दूरच्या एका शहरातला, एकट्याने काम करणारा प्राध्यापक आपल्या डोळ्यांना दिसलेले लंडनच्या सर्वांत वजनदार आवाजापुढे मांडतो, याला धैर्य लागते. ती हिरवी रेषा कशाची हे १९२७ पर्यंत कुणाला कळले नव्हते. ती ऑक्सिजनची निघाली, पण दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे जेऊरच्या ग्रहणातही हेच घडले.

खग्रास ग्रहणाची ओढ खगोलवेत्त्यांना इतकी का असते? सूर्याचा झगमगता पृष्ठभाग झाकला गेला की त्याच्याभोवतीचे पातळ वायूचे कवच एकदोन सेकंद उघडे पडते. एरवी त्याच्या रेषा काळ्या दिसतात. पाठीमागचा तेजस्वी गोळा झाकला की त्याच रेषा झळाळून उठतात. याला फ्लॅश स्पेक्ट्रम म्हणतात. अमेरिकेच्या चार्ल्स यंग यांनी १८७० मध्ये तो डोळ्याने पाहिला होता. त्याचा पहिला फोटो १८९६ मध्ये नॉव्हाया झेम्ल्याच्या बर्फात मिळाला. १८९८ ला हिंदुस्थानात तो पुन्हा मिळवायचा होता, आणि जमला तर पुष्कळ ठिकाणी मिळवायचा होता. म्हणून विजयदुर्गावर लॉकयर स्वतः आपले सहायक आल्फ्रेड फाउलर यांना घेऊन आणि युद्धनौकेच्या खलाशांना कामाला लावून बसले होते. पुलगावला केंब्रिजचे न्यूऑल होते, तळणीला जॉन एव्हरशेड होते. कोकणापासून वऱ्हाडापर्यंत एका रेषेत दुर्बिणी मांडल्या गेल्या होत्या. महाराष्ट्राच्या भूमीवर इतके विज्ञान एका दिवसात यापूर्वी कधी उतरले नव्हते.

गावोगावच्या लोकांसाठी तो दिवस वेगळा होता. वेध पाळायचे, स्वयंपाक आधी उरकायचा, गर्भारणीला बाहेर पडू द्यायचे नाही, मोक्ष झाल्यावर नदीत स्नान करायचे, आणि दारोदार 'दे दान सुटे गिराण' अशी हाक यायची. ग्रहणाची वेळ मात्र पंचांगात आधीच छापलेली असायची, आणि ती काढणारे लोक याच मातीतले होते. त्याच सुमारास पुण्यात शंकर बाळकृष्ण दीक्षित नावाचे शिक्षक ग्रहगणिताचा हजारो वर्षांचा हिशेब मांडून बसले होते. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये छापून झाला होता. ग्रहणानंतर तीन महिने होत नाहीत तोच एप्रिल १८९८ मध्ये ते गेले. ग्रहण केव्हा होणार हे सांगणारी विद्या आणि ग्रहणात सूर्य कशाचा आहे हे विचारणारी विद्या, दोन्ही त्या वर्षी एकाच शहरात जवळजवळ नांदत होत्या. त्यांची आपसांत फारशी बोलाचाल झाली नाही याचे वाईट वाटते.

जेऊरला आकाश स्वच्छ राहिले. अंधार सुमारे दोन मिनिटे टिकला. कॅम्बेल यांच्या चाळीस फुटी कॅमेऱ्याने सूर्याभोवतीच्या प्रभाकिरीटाची भरघोस छायाचित्रे घेतली. बर्कहाल्टर यांनी फोटोच्या एकाच काचेवर किरीटाच्या आतल्या तेजस्वी भागाला कमी आणि बाहेरच्या मंद भागाला जास्त वेळ देण्याची युक्ती वापरली. नायगमवालांनी लोलकाचे कॅमेरे लावून फ्लॅश स्पेक्ट्रम टिपला. यात फट लागत नाही. चंद्राआडून दिसणारी वायूची बारीक कोरच फटीचे काम करते. म्हणून काचेवर प्रत्येक रेषा कमानीसारखी उमटते. जी कमान लांब, ते द्रव्य सूर्यापासून जास्त उंचीपर्यंत पसरलेले. कमान आखूड, तर द्रव्य पृष्ठभागाला चिकटून. म्हणजे एका काचेवर सूर्याच्या वातावरणाचा उंचीप्रमाणे नकाशाच मिळतो. नायगमवालांचा अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला.

या नकाशात एक विचित्र गोष्ट होती, आणि ती जेऊरबरोबर इतर ठिकाणच्या काचांवरही होती. सर्वांत लांब कमानी कॅल्शियमच्या. पुढच्या मोजणीत त्यांची उंची चौदा हजार किलोमीटरपर्यंत भरली. कॅल्शियमचा अणू हायड्रोजनपेक्षा चाळीस पट जड. तो सर्वांत वर कसा? आणि त्यातही गंमत अशी की कॅल्शियमची एक रेषा खालीच थांबत होती आणि दुसऱ्या दोन रेषा वर पोचत होत्या. एकाच द्रव्याच्या रेषा वेगवेगळ्या उंचीवर. लॉकयर यांना यात आपले फुटलेले मूलद्रव्य दिसत होते. बाकीच्यांना काहीच दिसत नव्हते.

तिकडे अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांची मोजदाद चालू होती. वेधशाळेचे प्रमुख पिकरिंग यांच्या हाताखाली विल्यमिना फ्लेमिंग यांनी १८९० मध्ये दहा हजारांवर ताऱ्यांचे वर्णपट हायड्रोजनच्या रेषांच्या जाडीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत लावले होते: ए, बी, सी असे. ॲनी जंप कॅनन यांनी १९०१ मध्ये ती अक्षरे घटवली आणि क्रम बदलला. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. क्रम बदलण्याचे कारण एवढेच की या रांगेत एकेक रेषा हळूहळू उगवते, जाड होते आणि मावळते, मध्येच तुटत नाही. निळ्यापासून लालपर्यंत रंगही या क्रमाने बदलतो. ही उतरंड तापमानाची असणार असा तर्क होता, पण हायड्रोजनची रेषा व्याधासारख्या मधल्या ताऱ्यांत सर्वांत जाड का, आणि त्याहून तापलेल्या राजन्यात ती बारीक का, याचे उत्तर कॅनन यांच्याकडे नव्हते. त्यांनी पुढच्या काळात सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्ग लावले, आणि ते आजही आपण वापरतो.

उत्तर आले १९२० मध्ये, कलकत्त्याहून. जेऊरच्या ग्रहणाच्या वेळी मेघनाद साहा ढाक्याजवळच्या एका खेड्यातले चार वर्षांचे मूल होते. आता सत्ताविशीत त्यांनी नेमका फ्लॅश स्पेक्ट्रमचाच प्रश्न हाती घेतला. त्यांच्या त्या शोधनिबंधाचा विषय होता सूर्याच्या वातावरणातले आयनीभवन. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: उष्णतेने अणूचा एखादा इलेक्ट्रॉन सुटतो, आणि दाब कमी असेल तर तो सुटलेलाच राहतो. इलेक्ट्रॉन सुटलेला कॅल्शियम आणि न सुटलेला कॅल्शियम यांच्या रेषा वेगळ्या. सूर्याच्या वातावरणात वर दाब कमी, म्हणून तिथे सुटलेल्याच कॅल्शियमच्या रेषा दिसतात. खाली दाब जास्त, म्हणून तिथे न सुटलेल्याच्या. द्रव्य फुटलेले नाही, बदललेले नाही, फक्त तापमान आणि दाब बदलले आहेत.

या एका समीकरणाने कॅनन यांची सगळी रांग उलगडली. हायड्रोजनच्या दृश्य रेषा उमटायला अणू जरा उत्तेजित व्हावा लागतो. काक्षीच्या साडेतीन हजार अंशांत तेवढी शक्ती नाही, म्हणून रेषा क्षीण. व्याधाच्या जवळपास दहा हजार अंशांत अणू मोठ्या संख्येने त्या स्थितीत असतात, म्हणून रेषा सर्वांत जाड. राजन्याच्या बारा हजारांत आणि त्याहून तापलेल्या ताऱ्यांत हायड्रोजनचा इलेक्ट्रॉनच सुटून जातो, मग रेषा बारीक होत जाते. सूर्य पावणेसहा हजारांचा, म्हणून त्यात लोखंडाची गर्दी. व्याध आणि सूर्य यांच्या द्रव्यात मोठा फरक नाही. फरक आहे तो तापमानाचा. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी साहांचेच समीकरण वापरून दाखवले की जवळजवळ सगळे तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचेच आहेत.

साहा १९२० च्या अखेरीस लंडनला गेले ते आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत. तेच फाउलर, जे लॉकयर यांच्याबरोबर विजयदुर्गावर होते. ताऱ्यांच्या वर्णपटांवरचा साहांचा पुढचा निबंध फाउलर यांच्याशी चर्चा करून, लॉकयर यांनी आणि हार्वर्डने साठवलेली माहिती समोर ठेवून नव्याने लिहिला गेला आणि १९२१ मध्ये छापून आला. लॉकयर काही महिने आधीच, ऑगस्ट १९२० मध्ये, वारले होते. त्यांचे फुटणारे मूलद्रव्य चुकीचे निघाले. पण तापमानानेच रेषा बदलतात हा त्यांचा हट्ट खरा ठरला, आणि हा न्याय त्यांना द्यायला हवा. जेऊरला कॅम्बेल यांनी ज्या किरीटाचे फोटो घेतले, त्याच्या हिरव्या रेषेचेही कोडे पुढे १९४० च्या सुमारास असेच सुटले. कोरोनियम नावाचे नवे द्रव्य शोधत लोक बसले होते. निघाले लोखंड, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले. म्हणजे किरीट दहा लाख अंशांहून तापलेले. नायगमवालांची तेजोमेघातली रेषा ऑक्सिजनची आणि जेऊरच्या आकाशातली रेषा लोखंडाची. दोन्ही आपल्या ओळखीची, घरातली द्रव्ये.

रंग आणि तापमानाचा हिशेब इथे लागला. राहिली प्रखरता. ताऱ्यांची प्रत मोजायची पद्धत ग्रीकांपासून चालत आलेली. पहिल्या प्रतीचे सर्वांत तेजस्वी, सहाव्या प्रतीचे जेमतेम दिसणारे. तिला गणिती शिस्त लावली नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट, म्हणून एका प्रतीचा फरक २.५१२ पट. हेच पॉगसन पुढे १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले आणि तीस वर्षे तिथेच राहून १८९१ मध्ये तिथेच वारले. पण दिसणारी प्रत आणि खरी प्रखरता या दोन वेगळ्या गोष्टी. जवळचा दिवा मिणमिणता असला तरी लख्ख दिसतो. अंतर कळल्याशिवाय ताऱ्याचे खरे तेज कळत नाही.

इथे हार्वर्डच्या अँटोनिया मॉरी यांची आठवण काढलीच पाहिजे. जेऊरच्या ग्रहणाच्या आदल्याच वर्षी, १८९७ मध्ये, त्यांनी काही ताऱ्यांच्या रेषा विलक्षण बारीक असतात हे टिपून ठेवले होते. वरिष्ठांना त्यात महत्त्व वाटले नाही. डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंग यांनी १९०५ मध्ये दाखवले की बारीक रेषांचे तारे अंतराचा हिशेब केल्यावर प्रचंड तेजस्वी निघतात. लाल तारे दोन जातींचे असतात. एक राक्षसी आणि दुसरे खुजे. अमेरिकेच्या रसेल यांनी १९१३ मध्ये आडव्या अक्षावर वर्ग आणि उभ्या अक्षावर प्रखरता घेऊन आलेख काढला आणि बहुतेक तारे एका तिरप्या पट्ट्यात बसले, तर राक्षसी तारे वेगळ्या कोपऱ्यात. काक्षी आणि बर्नार्डचा मंद तारा, दोघेही लाल, दोघांचेही तापमान साडेतीन हजारांच्या आसपास, पण खऱ्या तेजात फरक कोटीच्या घरात. डिसेंबर १९२० मध्ये माउंट विल्सनवर काक्षीचा व्यास प्रत्यक्ष मोजला गेला आणि ती सूर्याच्या शेकडो पट मोठी भरली.

पुण्याची वेधशाळा मात्र हा दिवस पाहायला उरली नाही. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये सरकारने ती मोडून सगळी उपकरणे कोडाईकनालला पाठवली. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण पेट्यांत गेली, आणि तिचा पुरता उपयोग व्हायला कित्येक दशके लागली. एक माणूस गेला की त्याच्याबरोबर संस्था गुंडाळायची, ही रीत मला त्या काळातल्या विज्ञानाच्या बाबतीतली सर्वांत दुःखाची गोष्ट वाटते. नायगमवालांच्या हाताखाली वर्णपट शिकलेल्या मुलांची एक पिढी पुण्यात तयार झाली असती, तर साहांच्या समीकरणाला इथल्या वेधांची जोड मिळाली असती. ते स्वतः १९३८ पर्यंत जगले.

सीनेच्या पलीकडच्या राज्यात मात्र त्याच वर्षांत उलटे घडत होते. हैदराबादच्या नवाब जफर जंग यांनी हौसेने पंधरा इंची ग्रब दुर्बीण मागवली होती. ते गेल्यावर १९०८ मध्ये निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली, आणि १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत ती चालत राहिली. धाराशिव जिल्ह्याला पुढे शंभरएक वर्षे ज्यांच्या नावाने उस्मानाबाद म्हटले गेले, ते हेच. सगळ्या आकाशाचे फोटो घेऊन ताऱ्यांची सूची करण्याचा करार १८८७ मध्ये पॅरिसला झाला होता. त्यातला खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा सतरा ते तेवीस अंशांचा पट्टा चिलीच्या सांतियागोला दिला होता. तिथून काम होईना, तेव्हा तो हैदराबादकडे आला. धाराशिवहून पाहिले तर दक्षिणेला अर्ध्या आकाशाच्या वर चढणारा हा पट्टा. मृगाच्या पायाशी असलेला ससा त्यात येतो, अनुराधेचे वरचे दोन तारे येतात.

आठ इंची कॅमेऱ्याने काचा घेतल्या जात. प्रत्येक काचेवर आकाशाचा दोन अंशांचा चौकोन. मग मोजणीदार सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेका ठिपक्याची जागा आणि त्याचा व्यास नोंदवत. ठिपका जितका मोठा तितका तारा तेजस्वी. हे काम आर्थर चॅटवुड, रॉबर्ट पोकॉक आणि १९१८ पासून टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली १९१४ ते १९२९ च्या दरम्यान झाले. बारा खंड छापले गेले, आणि त्यांत लाखो ताऱ्यांच्या नोंदी आहेत. या मोजणीदारांची नावे खंडांच्या मुखपृष्ठावर नाहीत.

छापून झाल्यावर हे खंड ग्रंथालयांत पडून राहिले. आकाशाचा फोटो-नकाशा करण्याचा तो सगळा जागतिक प्रकल्पच कालबाह्य झाल्याची भावना होती. मग १९८९ मध्ये युरोपचा हिप्पार्कोस उपग्रह आकाशात गेला. चार वर्षांत त्याने ताऱ्यांच्या जागा अतिशय बारकाईने मोजल्या आणि त्यांची प्रखरता निळ्या आणि हिरवट-पिवळ्या अशा दोन गाळण्यांतून घेतली. दोन गाळण्यांतल्या प्रखरतेचा फरक म्हणजे ताऱ्याचा रंग, आणि रंग म्हणजे तापमान. पण तारा आकाशात कुठे सरकतो आहे हे कळायला एक जुनी जागाही हवी होती. ती शोधताना शास्त्रज्ञ परत त्या जुन्या खंडांकडे वळले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टायको-२ या पंचवीस लाख ताऱ्यांच्या सूचीत बहुतेक ताऱ्यांच्या दोन प्रती आणि चाल दिलेली आहे. हैदराबादच्या पट्ट्यातल्या ताऱ्यांची चाल काढायला वापरलेल्या जुन्या जागांत तिथल्याच काचांवरच्या जागा आहेत. अनुराधेच्या वरच्या दोन ताऱ्यांच्या आसपासचा कुठलाही मंद तारा त्या सूचीत काढून पाहा. त्याची चाल १९१४ ते १९२९ च्या दरम्यान निजामाच्या वेधशाळेत कुणीतरी डोळा लावून मोजलेल्या एका ठिपक्याचाही आधार घेऊन काढलेली असू शकते.